पाणी पिऊन या

जवळा बाजारहून निघालं आणि डांबरी रस्ता सोडून आत वळलं की उंबरमाळ लागतं. या गावाला मिरवावं असं तसं काही नाही. तीर्थ नाही, किल्ला नाही, बाजारालासुद्धा दुसऱ्याच्या गावाला जावं लागतं. पण सोयरिकीच्या बैठकीत पाहुणे टेकले, चहा आला, की भुजंगआबा एक गोष्ट हटकून सांगायचे.

"आमच्या ग्रामपंचायतीला आजवर मतदान लागलं न्हाई. आमदार-खासदाराला ज्याला जे बटन दाबायचं ते दाबा, त्यो सरकारचा खेळ हाय. पर गावाचं गावात. एका तोंडानं."

आणि ते खरं होतं. आबांच्या वडलांपासून गावात एक रीत चालत आली होती. मारुतीच्या देवळापुढं गाव बसायचं. ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलून घ्यायचं. बोलून झालं आणि बहुतेकांचा कल एकीकडं दिसला, की ज्याला ते पटलेलं नाही त्यानं उठायचं आणि देवळामागं लिंबाखाली मांडलेल्या रांजणाकडं पाणी प्यायला जायचं. तो तिकडं असताना इकडं निर्णय व्हायचा. मग त्यानं परत येऊन आपल्या जागेवर बसायचं आणि त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. कागदावर ‘सर्वानुमते’ लिहिलं जायचं आणि त्यात खोटं काही नसायचं, कारण बसलेल्या सगळ्यांचं खरंच एकमत असायचं. एखादा हट्टाला पेटून उठेनासा झाला, तर आबाच मऊ आवाजात म्हणायचे, "पाणी पिऊन या, बरं." मग तो उठायचा. न उठणारा माणूस उंबरमाळनं अजून पाहिला नव्हता.

आबांचा या रितीवर जीव होता, आणि तो उगाच नव्हता. ओढ्यापलीकडच्या गावात दोन चुलतभाऊ सरपंचकीला एकमेकांसमोर उभे राहिले होते. पुढं एकाची पाइपलाइन फुटली, दुसऱ्याची कडब्याची गंजी जळाली, आणि थोरल्याच्या मयताला धाकट्यानं खांदा दिला नाही. आबा त्या मयताला गेले होते. तिरडीला परकी माणसं लागलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्या दिवसापासून मतदान म्हटलं की त्यांना ती तिरडीच दिसायची.

सरकारशी त्यांचं वाकडं नव्हतं. सरकारनं रस्ता करावा, चोर धरावा, दवाखान्यात डॉक्टर बसवावा आणि बाकी गावाला गावावर सोडावं, एवढंच त्यांचं म्हणणं. सरकारनं गावात नळ आणला तेव्हा गावानं आडातला गाळ काढणं सोडलं. मग नळाला पाणी येईना आणि आडात पिशव्या तरंगायला लागल्या. आबा हे कुणालाही ऐकवायचे, आणि ऐकणारा दरवेळी मान हलवून नळाच्याच रांगेत जाऊन उभा राहायचा.

फाल्गुन लागला होता. शिवारात हळद निघाली होती आणि हळद शिजवणाऱ्या कुकरवाल्याचा ट्रॅक्टर या शेतातून त्या शेतात फिरत होता. आबांच्या शेतात तो सकाळीच लागला. माऊली, आबांचा एकुलता एक लेक, ड्रममध्ये हळकुंडं भरत होता. खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर वाफ, आणि साऱ्या रानात तो कच्चट, उग्र वास. आबांनी एक हळकुंड काढून त्यात काडी खुपसली. काडी आरपार गेली.

"झाली. काढा," ते म्हणाले.

शिजलेली हळद ट्रॉलीतून गायरानात जायची. गावाच्या उगवतीला मुरमाड उताराचं ते रान. त्यावर कुणाचा पेरा नाही की कुणाचा बांध नाही. पावसाळ्यात तिथं मेंढरं चरायची, पोळ्याला बैलं जमायची, आणि फाल्गुनात सगळ्या गावाची हळद तिथं वाळायची. टणक, तापणारी जमीन आणि मोकळा वारा. शिवारात दुसरीकडं हळदीला असं खळं नव्हतं. कुणाच्या वाट्याला कुठली जागा हेही ठरलेलं नव्हतं. पहिला येईल त्यानं वरून धरायचं, पुढच्यानं त्याच्या खालून.

ट्रॉली रिकामी करता करता माऊलीनं विषय काढला. तोही आबांकडं न बघता, हळद पांगवत.

"आबा, परवा ग्रामसभा हाय."

"म्हाईत हाय."

"गायरानाचा ठराव हाय. सोलरच्या पट्ट्या बसवून राहिले हितं. मग शेताला दिवसा लाईट."

"कोण बसवून राहिलं?"

"सरकार. म्हंजे कंपनी बसविन, सरकारच्या वतीनं. तीस वर्सं त्यांच्याकडं राहीन, मग परत."

आबांनी हातातलं हळकुंड खाली टाकलं. "तीस वर्सांनी परत घ्यायला म्या असन का? तू म्हातारा व्हशील. आन तवाच्या पोरांना इथं गायरान व्हतं हे सांगावं लागन."

माऊली हळद पांगवत राहिला. तो चांगला पोरगा होता. बापाला उलटून बोलायची त्याला सवय नव्हती, आणि बापानं ती लावलीही नव्हती. पण त्याच्या गप्प बसण्यात या वेळी होकार नव्हता, हे आबांना कळलं.

दुपारी चंद्रभागाबाई भाकरी घेऊन आल्या. त्यांनी नुसतं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"मागल्या पुसात त्याच्या गमबुटाला घोणस डसली," भाकरीवर ठेचा ठेवत त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बूट नवा व्हता म्हून वाचलं लेकरू. लाईट रातीची येती. हे पान्याच्या दंडानं हिंडतंय, तुमाला झोप लागती. मला न्हाई लागत."

"मला लागती असं तुला कोण म्हनलं?"

"घोरता की."

माऊली हसला. आबांनी पुढचा घास मोडला. बाईचं खरं होतं. रात्री मोटर चालू करायला गेलेला माणूस परत येईपर्यंत उंबरमाळच्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी जागं असायचं. आबांना ते ठाऊक होतं, आणि तरी गायरान द्यायला मन होत नव्हतं. आपल्या बापाला जे कुणी दिलं नाही, त्यानं विकत घेतलं नाही, जे तो आपल्या नावावर करून घेऊ शकला असता आणि केलं नाही, ते आपण कोण देणारे?

संध्याकाळी सरपंच आला. शिवप्रसाद त्याचं नाव. शिकलेला, गोड बोलणारा, आणि त्याला सरपंच करणारे आबाच. तो सरपंच ठरला त्या बैठकीत आणखी दोघांना व्हायचं होतं. दोघेही पाणी पिऊन आले होते. तेव्हापासून शिवप्रसाद आबांच्या पाया पडल्याशिवाय कुठला नारळ फोडत नसे. आत्ताही तो पाया पडला, उकिडवा बसला आणि हळदीचं एक बोट मोडून वाळली का ते पाहू लागला.

"सोनं हाय, आबा."

"सोनं व्हय तर. उद्या कुठं वाळवशील?"

"ताडपत्री टाकली की कुठंबी वाळती. आबा, सगळं गाव राजी हाय. तुमी नुसतं हूं म्हना."

"म्या हूं म्हननार न्हाई."

शिवप्रसादनं मोडलेली हळद पुन्हा ढिगात ठेवली. "तुमच्या म्होरं मी लहान हाय," तो हळू म्हणाला. "पर रीत तुमीच शिकिवली आमाला."

तो गेला, आणि आबा किती तरी वेळ हळदीवर ताडपत्री ओढायचं विसरून तसेच उभे राहिले. शिवप्रसाद काय सुचवून गेला हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. पण आपल्याला कुणी तसं म्हणेल असं मात्र त्यांच्या मनाला पटेना.

ग्रामसभेच्या दिवशी देवळापुढं सतरंज्या पडल्या. माणसं आली ती कामावरूनच आली. चंद्रभागाबाई हळद राखायला गायरानातच थांबल्या होत्या, कारण मोकळी मेंढरं हळदीत शिरली तर सगळा नास. बायका तशाही थोड्याच आल्या होत्या. एका अंगाला खांबाला टेकून पद्माबाई बसली होती. तिचा नवरा आबांपेक्षा वयानं मोठा होता. तो गेल्यापासून ती एकटीच मेंढरं राखायची.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. तरुण माणूस, परभणीकडचा, नीट शब्दांत बोलणारा. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

आबा उठले. "साहेब, गायरान कुनाचं?"

"जमीन सरकारची आहे. ग्रामपंचायत फक्त सांभाळते."

"मंग सरकारची हाय तर आमाला काहून इचारता?"

लोक हसले. ग्रामसेवकही थोडा हसला. "तुमची संमती लागते, आबा."

"संमती लागती म्हंजी आमची हाय. आमची असन तर मी सांगतो. माझ्या रानाला लाईट पायजे, माझंच पोरगं रातीला मोटारीवर जातं. तरीबी म्या न्हाई म्हनतो. मुंबईत बसलेल्या मानसानं आपलं गायरान नकाशावर पाहिलं आन म्हनला, हितं काहीच न्हाई, पट्ट्या बसवा. हितं काहीच न्हाई? फाल्गुनात येऊन पाहा म्हनावं. सरकार आज हे हाय, उद्या दुसरं येईन. साहेब, तुमची बदली व्हईन. हा शिवप्रसाद पाच वर्सांनी घरी बसन. गायरान कुठं जात न्हाई म्हून ते गायरान हाय. एक डाव दिलं तर मागून परत भेटत न्हाई. पट्ट्या घरावर बसवा, विहिरीवर बसवा, ज्याच्या त्याच्या बांधावर बसवा. जे सगळ्यांचं हाय त्याला हात लावू नका."

आबा खाली बसले. ते चांगलं बोलले होते, त्यांचं त्यांनाच जाणवलं. मग मागून एकजण म्हणाला, "आबा, तुमच्या पोराला बूट हाय. माझ्या भावाला नव्हता." तो मागच्या पावसाळ्यात साप चावून भाऊ गमावलेला माणूस होता. दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला, आणि कल कुठं आहे ते उघड दिसायला लागलं.

शिवप्रसादनं हात जोडले. त्याचा आवाज मऊ होता, अगदी आबांसारखाच.

"आबा, बोलून घसा सुकला असन. पाणी पिऊन या, बरं."

सगळं गाव आबांकडं बघत होतं. कुणाच्या नजरेत खुन्नस नव्हती, उलट आदरच होता, आणि तोच सोसत नव्हता. सगळ्यांना वाटत होतं की आबा आता उठतील आणि रीत कशी पाळायची ते दाखवतील. आबांनी माऊलीकडं पाहिलं. माऊली सतरंजीचा धागा ओढत होता.

आबा उठले. धोतर झटकलं, वहाणा शोधल्या. दुसऱ्याच्याच पायात घातल्या, मग काढल्या, मग आपल्या सापडल्या. एवढ्या वेळात कुणी खोकललंसुद्धा नाही. आजवर इतकी माणसं त्यांनी या वाटेनं पाठवली होती, पण चालणाऱ्याच्या पाठीला गावाची नजर कशी लागते हे त्यांना पहिल्यांदा कळलं. देवळाचा कोपरा वळल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं याचीच लाज वाटली.

लिंबाखाली पद्माबाई उभी होती.

"तुमाला कोन म्हनलं, वैनी?" आबा गोंधळून म्हणाले.

"कुनी म्हनायची वाट पाहत न्हाई मी आता, भावजी. सरपंचानं हात जोडले की आपली आपन उठते." तिनं रांजणावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला, आणि त्यांच्या पुढं धरला. पाणी नितळ होतं आणि गार होतं.

देवळाच्या पलीकडून आवाज येत होते, पण शब्द लागत नव्हता. आबा मान कलती करून ऐकू लागले.

"कान देऊ नका," पद्माबाई म्हणाली. "हितून काही ऐकू येत न्हाई. तुमाला सवय न्हाई म्हून सांगते. मारुतीचा जयजयकार झाला की समजायचं, ठरलं. मंग तोंड पुसायचं आन जायचं."

"किती बारी आलात तुमी हितं?"

"काय म्हाईत. मेंढरं मोजावी लागतेत, हे कशाला मोजू?"

आबांना एकदम आठवलं. ग्रामपंचायतीत बायकांची राखीव जागा होती, आणि पद्माबाई म्हणाली होती, मी उभी राहते. मेंढरंवाल्यांचं कुणी बोलत नाही, मी बोलते. तेव्हा आबांनीच, मऊ आवाजात, तिला पाणी प्यायला पाठवलं होतं. ती परत आली तोवर शिवप्रसादची आई मेंबर झाली होती, आणि पाहुण्यांना सांगायच्या गोष्टीत आणखी पाच वर्षं वाढली होती. त्यांना तिचं तेव्हाचं तोंड आठवेना. त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

"लई वाईट वाटलं असन तवा," ते म्हणाले.

"पयल्या डावाला लई वाटलं. मंग मी रांजन धुवाया लागले. रिकामं उभं राहून करायचं काय?"

आबांनी रांजणाकडं पाहिलं. कड घासून घासून गुळगुळीत झाली होती. त्यांना वाटायचं, देवळातला पुजारी धुतो. गावाच्या एकोप्याचा जो काही अभिमान ते आयुष्यभर मिरवत होते त्याचं निम्मं ओझं या लिंबाखाली कुणीतरी उभ्यानं वाहिलं होतं, आणि ते वाहणाऱ्यांना त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिरडी खरी होती, साप चावून गेलेला तो भाऊही खरा होता, मतदानाचं भय खोटं नव्हतं. पण हेही खोटं नव्हतं.

जयजयकार अजून झाला नव्हता. आबांनी पाणी न पिता तांब्या तसाच परत दिला.

"चला, वैनी."

"कुठं?"

"बसाया."

ती बघतच राहिली. मग तिनं रांजणावर झाकण ठेवलं, पदरानं हात पुसले, आणि मागोमाग निघाली.

आबा येताना दिसले तसा शिवप्रसाद बोलता बोलता थांबला. ग्रामसेवकाचा पेन ‘सर्वानुमते’ या शब्दाशी येऊन अडला असावा. आबा पुढं येऊन बसले. खांबापाशी पद्माबाई बसली.

"साहेब, लिवा. माझा इरोध हाय."

"आन माझा," पद्माबाई म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

एकच गलका उठला. "आबा, हे बराबर न्हाई," शिवप्रसाद म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "रीत तुमचीच हाय. तुमीच मोडून राहिले?"

"व्हय, माझीच. तिकडून कशी दिसती ते म्या कधी पाहिलं नव्हतं. आज पाहून आलो." आबा थांबले. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं. "ठरवा तुमी. जास्त हात जिकडं तिकडं. म्या मानीन. पर कुनाला उठवू नका."

ग्रामसेवकानं हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले आणि सतरंजीवर पिवळं रान उगवलं, कारण त्या दिवसांत गावात हळदीनं न माखलेला हात नव्हता. त्यात माऊलीचा हात होता. अर्धवट वर, कोपरात वाकलेला. आबांनी त्याच्याकडं पाहिलं तसा तो खाली यायला लागला. आबांनी मान हलवली. असू दे. माऊलीनं हात सरळ केला.

मग विरोधाचे हात. आबांचा, पद्माबाईचा. आबांना वाटलं, एवढेच. पण मागून एक वर आला, मग कडेचा एक, मग ज्याला सरपंच व्हायचं होतं त्या दोघांतला एक, आणि बायकांतल्या दोघी. ठराव पास व्हायला त्यानं काही अडलं नाही. गायरान गेलं. पण हे सगळे आजवर कुठं होते, हे आबांना विचारावं लागलं नाही.

मारुतीचा जयजयकार कुणी करावा हे सुचेना, म्हणून तो झालाच नाही. माणसं गुपचूप उठली आणि आपापल्या हळदीकडं निघाली. भाऊ गेलेला तो माणूस वहाणा घालताना आबांच्या शेजारी आला. त्यानं आबांची काठी भिंतीला टेकलेली होती ती उचलून त्यांच्या हातात दिली.

बाप-लेक गायरानाची वाट चालू लागले. निम्म्या वाटेवर माऊली म्हणाला, "आबा, रागावले का?"

"व्हय," आबा म्हणाले. "पर तुझ्यावर न्हाई म्हनावं तर खोटं हुईन, आन तुझ्यावर म्हनावं तर तेबी खोटं. चाल."

उतारावर ऊन पसरलं होतं आणि त्यात सगळ्या गावाची हळद. पुढच्या फाल्गुनात इथं काय असेल याचा विचार आबांच्या मनात आला आणि ते वाटेतच थांबले. चंद्रभागाबाई कमरेत वाकून फावड्यानं हळद हलवत होत्या. दोघांना येताना पाहून त्या उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"गेलं," आबा म्हणाले.

"एका तोंडानं?"

"न्हाई. हात मोजून."

चंद्रभागाबाईंनी लेकाकडं पाहिलं. "तुझा कुणीकडं व्हता?"

माऊली पायानं मुरूम उकरायला लागला.

"तिकडं व्हता," आबाच म्हणाले. "त्याचा हात हाय, त्यानं करावा. मी माझा इकडं केला."

बाईंनी फावडं बाजूला ठेवलं. दोन हळकुंडं उचलून त्यांनी एकमेकांवर आपटून पाहिली. खणखणीत आवाज आला नाही, म्हणजे अजून वाळायची होती. आबांना वाटलं, आता ही म्हणेल, बरं झालं. लेकराची रात्र सुटली. त्यांनी मनाची तयारी केली, आणि ऐकून घेतल्यावर शांत राहायचं असंही ठरवलं.

पण ती हळकुंडंच वाजवत राहिली. मग आबाच म्हणाले, "तुला तर बरंच वाटलं असन."

"कुनी सांगितलं?"

"म्हंजी? तू असती तर तुझा हात तिकडंच असता की."

"तुमाला काय ठावं माझा हात कुणीकडं असता?" चंद्रभागाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. कपाळावर पिवळा पट्टा उमटला. "आजवर कधी इचारलं का? दर टायमाला मी हितं हळद राखत बसते, न्हाई तर भाकऱ्या थापत. सभा सुटल्यावर तुमी सांगता, आपल्या घरचं असं ठरलं."

आबा तिच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं एका घरात, एका चुलीपुढं, आणि खरंच त्यांना सांगता येईना.

"मंग सांग की आता," ते म्हणाले. "कुणीकडं असता?"

"आता सांगून काय व्हईन? मोजून झालं की." त्यांनी फावडं उचलून आबांच्या पुढं धरलं. "पुढच्या सभेला मी जाते. हळद तुमी राखा."

आबांनी फावडं घेतलं आणि उताराच्या वरच्या कडेपासून हळद हलवायला सुरुवात केली.